हाडावरची पांढरी साय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या लॅमेटा थरांतलं, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या खडकांतलं, टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरचं जीवाश्म हाड संग्रहात आणलं, तर हात लावला की भुगा. पॅरालॉइड बी-७२, म्हणजे ठिसूळ हाड घट्ट करणारी अॅक्रिलिक राळ, अॅसिटोनमध्ये विरघळवून फासलं. घाईच नडली! जुलैची दमट हवा, त्यात हाड आतून ओलसर. वर पांढरी साय धरली आणि आत काहीच मुरलं नाही. अॅसिटोनच्या बोळ्यांनी तो थर उतरवला, हाड पंधरा दिवस सावलीत हळूहळू सुकवलं. मग द्रावण पातळ केलं, १०० मिलिलिटरला जेमतेम ५ ग्रॅम, आणि ब्रशच्या टोकाने भेगांत थेंबथेंब सोडलं. हाड प्यायचं थांबलं की आपणही थांबायचं. आता कडा धरतात. नोंदणी क्रमांक मात्र पुन्हा लिहावा लागला. साय पुसताना तोही गेला होता.