रक्त प्यायलेल्या डासात कुठला जीन कधी चालू होतो, हे मोजायचं कसं

डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीची मादी पोटभर रक्त प्यायली की तिचं सगळं शरीर दोनच कामांना लागतं, रक्त पचवणं आणि अंडी तयार करणं. कुठल्या अवयवात कुठला जीन किती चालला हे मग आपण एमआरएनए, म्हणजे जीनवरून निघालेली आरएनएची प्रत, मोजून बघतो. पद्धत तशी बहुतेकांना माहीत असते, आरएनए काढा, त्याची डीएनए प्रत म्हणजे सीडीएनए करा, आणि ती किती आहे हे मोजणारी क्यूपीसीआर लावा. पण माझं ठाम मत आहे की या कामाचा निकाल मशीनवर नाही, पिंजऱ्यापाशीच लागतो. डास कधी मारला, कुठला अवयव घेतला, तुलना कशाशी केली, यावरच सगळं अवलंबून. म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितोय.

आधी वेळ. व्हिटेलोजेनिन घ्या, म्हणजे अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनवणारा जीन. रक्त मिळेपर्यंत तो जवळपास गप्प असतो, रक्त पोटात गेलं की अमिनो आम्लं आणि २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन हे हार्मोन मिळून त्याला फॅट बॉडीमध्ये (डासाचं यकृतासारखं काम करणारा चरबीचा अवयव) जागं करतात, साधारण २४ तासांच्या आसपास तो शिखरावर असतो आणि ३६ तासांपर्यंत बराच उतरतो. आता कोणी फक्त १ तास आणि ७२ तासांचं सॅम्पल घेतलं तर त्याला वाटेल इथे काही घडलंच नाही! त्यामुळे ६, १२, २४, ३६, ४८, ७२ असे टप्पे ठेवा, आणि लवकर चालणारे जीन बघायचे असतील तर १ आणि ३ तासही घ्या.

तुलनेसाठी एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या, त्याच वयाच्या, फक्त साखरपाण्यावर ठेवलेल्या मादी लागतात, आणि त्या प्रत्येक टप्प्याला घड्याळाच्या त्याच वेळेला मारायच्या. सकाळी एकदाच एक कंट्रोल काढून तोच सगळीकडे वापरायचा हे अजिबात करू नका, कारण डासाचे कितीतरी जीन दिवस-रात्रीप्रमाणे हलत असतात आणि मग तुम्ही रक्ताचा परिणाम मोजताय की संध्याकाळचा हेच कळणार नाही. अजून एक गोष्ट, रक्त गरम असतं, त्याने एचएसपी७० सारखे उष्णतेच्या ताणाला उत्तर देणारे जीन पहिल्या तासातच उसळतात. तुमचा प्रश्न पहिल्या काही तासांचा असेल तर एका गटाला ३७ अंशाचं एटीपी (प्यायला उद्युक्त करणारा रेणू) घातलेलं सलाईन पाजा, मादी ते पितात, आणि मग उष्णता आणि पोट ताणल्याचा परिणाम वेगळा आणि रक्तातल्या प्रोटीनचा वेगळा काढता येतो.

पाजायच्या मादी ३ ते ५ दिवसांच्या, नरांबरोबर ठेवलेल्या घ्या. आदल्या रात्री साखर काढून फक्त पाणी ठेवा, मग मेम्ब्रेन फीडरवर (पातळ पडद्यातून रक्त पाजायचं उपकरण) ३७ अंशाला रक्त द्या. पाजून झालं की बर्फावर गार करून निवडा, पोट टम्म लाल दिसतंय त्याच ठेवा, अर्धवट प्यायलेल्या सरळ बाजूला काढा, नाहीतर आकडे नुसते पसरतात.

डिसेक्शन गार पीबीएसच्या (खारट बफर द्रावण) थेंबात. एका चिमट्याने छाती धरायची, दुसऱ्याने पोटाचा शेवटचा खंड पकडून हळू ओढायचं, आतडं, माल्पिघी नलिका (डासाचे उत्सर्जनाचे अवयव) आणि अंडाशय एकत्रच बाहेर येतात. २४ तासांचं मिडगट, म्हणजे रक्त पचतं तो आतड्याचा मधला भाग, गडद लाल-काळं, फुगलेलं आणि भिंतीला पातळ असतं, घाई केली की फुटतंच. मग आतला रक्ताचा गोळा पीबीएसमध्ये धुवून फक्त भिंत घ्या. मागे उरलेल्या पोटाच्या भिंतीला फॅट बॉडी चिकटलेली असते, ती वेगळ्या ट्यूबमध्ये. १० ते २० मिडगट एकत्र करून लगेच ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायचं रसायन) टाका आणि उणे ८० ला ठेवा.

रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) आरएनएबरोबर येतं आणि पीसीआर अडवतं, हे फार जण बघत नाहीत. तपासायला सोपंय. सीडीएनए १० पट पातळ करा, सीटी, म्हणजे सिग्नल दिसायला लागणाऱ्या पीसीआर फेऱ्यांचा आकडा, साधारण ३.३ ने वाढायला हवी, जर त्यापेक्षा बरीच कमी वाढली तर सॅम्पलमध्ये अडथळा आहे, आरएनए पुन्हा साफ करा. उरलेला डीएनए तोडायला डीएनएज लावा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए करणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूब प्रत्येक सॅम्पलची ठेवाच.

आरएनएचा दर्जा बघताना घाबरायचं नाही. कीटकांच्या २८एस आरआरएनएमध्ये (रायबोझोमचा मोठा आरएनए) मुळातच एक तुटका जोड असतो, गरम केलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि ते लहान १८एस आरआरएनएच्याच जागी येऊन बसतात, त्यामुळे एकच शिखर दिसतं आणि मशीन आरआयएन (आरएनएच्या दर्जाचा गुण) कमी दाखवतं. चांगला आरएनए त्यासाठी फेकून देऊ नका.

प्रायमर (जीन ओळखून पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) करताना जीनचा क्रम व्हेक्टरबेस या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून घ्या, एडिसचा २०१८ चा सुधारलेला जीनोम तिथे आहे. ट्रिप्सिन (रक्तातली प्रोटीन पचवणारं एन्झाइम), व्हिटेलोजेनिन यांच्या एकसारख्या बऱ्याच प्रती असतात, तेव्हा प्रायमर नक्की कुठल्या प्रतीला बसतो ते बघा. एफिशियन्सी, म्हणजे दर फेरीला डीएनए किती दुप्पट होतो, ९० ते ११० टक्के हवी. रेफरन्स जीन, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे जीन ताडून बघायचे तो स्थिर जीन, म्हणून आरपीएस७ हा रायबोझोमचं प्रोटीन बनवणारा जीन सर्रास वापरतात, पण रक्तानंतर फॅट बॉडी रायबोझोमच भराभर वाढवते, तेव्हा तुमच्या अवयवात तो स्थिर आहे का ते आधी तपासा आणि दोन-तीन रेफरन्स घ्या. एकाच ट्यूबमधून भरलेले प्लेटचे तीन खळगे म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत, वेगवेगळ्या बॅचचे डास हवेत, आणि स्टॅटिस्टिक्स डेल्टा सीटीवर (जीन आणि रेफरन्स यांच्या सीटीतला फरक) करा, फोल्ड चेंजवर (किती पट वाढ) नाही.

आरएनए-सेक (सगळ्या आरएनएचे क्रम एकदम वाचायची पद्धत) करणार असाल तर यजमानाचे, म्हणजे ज्या प्राण्याचं रक्त दिलं त्याचे, रीड (वाचलेले क्रम) आधी वेगळे काढा, खास करून कोंबडीचं रक्त दिलं असेल तर, कारण तिच्या लाल पेशींना केंद्रक असतं.

आणि एमआरएनए म्हणजे प्रोटीन नव्हे. अर्ली ट्रिप्सिनचा एमआरएनए रक्त मिळायच्या आधीच, जुव्हेनाईल हार्मोनमुळे, मिडगटमध्ये तयार असतो, प्रोटीन मात्र रक्त प्यायल्यावरच बनतं, तर लेट ट्रिप्सिनचा एमआरएनए नंतर काही तासांनी वाढतो. दोन्ही नुसत्या क्यूपीसीआरवर बघितले तर पहिल्याबद्दल उलटाच निष्कर्ष निघेल, म्हणून तिथे प्रोटीन मोजणारा वेस्टर्न ब्लॉट किंवा एन्झाइमची चाचणी जोडा. जीनचं काम खरंच काय ते बघायचं तर छातीत त्या जीनचा डीएसआरएनए (जीन दाबणारा दुहेरी आरएनए) टोचा, कंट्रोलला जीएफपीचा (डासात नसलेला जीन) डीएसआरएनए, दोन-तीन दिवस थांबा, काही मादी काढून जीन खरंच दबला का ते याच क्यूपीसीआरने बघा आणि मगच बाकीच्यांना रक्त द्या.