पडद्याचा फोटो काढायला जाताना

बाबांना शुगर निघाली त्याला आता १२ वर्षं झाली, आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं ते दरवर्षी "डोळे तपासून आलो" म्हणायचे. तपासणी म्हणजे काय, तर चष्म्याचं दुकान, मशीनला हनुवटी टेकवायची, आत लांबलचक रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो तो बघायचा, नंबर लिहून घेतला की घरी. तर आधी हे डोक्यातून काढा. फुग्याच्या मशीनवर फक्त चष्म्याचा नंबर कळतो, मागचा पडदा म्हणजे रेटिना त्यात कोणी बघत नाही. आणि शुगरमुळे पडदा खराब व्हायला लागला तरी बराच काळ नजर चांगली असते, बाबा शेवटची ओळ घडाघडा वाचत होते आणि पडद्याच्या फोटोत रक्ताचे ठिपके!

टाईप २ शुगर असेल तर निघाल्यानिघाल्या पडदा दाखवायचा, कारण ती कळायच्या आधी किती वर्षं अंगात होती कोणास ठाऊक, आणि मग दरवर्षी. टाईप १ वाल्यांना साधारण ५ वर्षांनी सुरू करतात. आधीपासून शुगर असलेली बाई प्रेग्नंट असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच जायचं, त्या काळात त्रास पटकन वाढू शकतो. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, किंवा मायनसचा मोठा नंबर असेल, तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, थेंब टाकून बाहुली मोठी करून तपासता का, फंडस फोटो म्हणजे पडद्याचा फोटो काढता का आणि मुख्य म्हणजे तो फोटो आम्हाला देता का. हे शेवटचं मी अनुभवावरून सांगतेय. एका ठिकाणी फोटो काढला, पैसे घेतले आणि हातात चिठ्ठी दिली "पडदा नॉर्मल", पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलो तर डॉक्टर म्हणाले मागचा फोटो असता तर हा ठिपका जुना की नवा ते कळलं असतं.

जाताना टू-व्हीलर नको, सोबत कोणीतरी हवं, गॉगल, औषधांची यादी आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट (HbA1c) बरोबर. पूर्वी कोणी "तुमच्या डोळ्याचा कोन अरुंद आहे" असं म्हटलं असेल किंवा कुठल्या ड्रॉपची ॲलर्जी असेल तर थेंब टाकायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. फॉर्म, सही, पैसे हे सगळं पण आधीच उरकून घ्या, कारण थेंब चुरचुरतात आणि अर्ध्या तासात जवळचं काही दिसेनासं होतं, बाबा काउंटरवर मोबाईल हातभर लांब धरून यूपीआयचा पिन शोधत होते आणि मागे लाईन वाढत होती. हे धूसर दिसणं चार-सहा तास टिकतं, त्या दिवशी ऑफिसचं काम ठरवू नका.

फोटोला काही दुखत नाही. हनुवटी ठेवा, कपाळ टेकवा, आतल्या छोट्या दिव्याकडे बघा, फ्लॅश पडतो आणि थोडा वेळ डोळ्यापुढे डाग नाचतो, बास. साध्या फोटोत मधला भागच येतो, साधारण ४५ अंश, कडा येत नाहीत, म्हणून डॉक्टर डोक्याला दिवा लावून "वर बघा, खाली बघा" करतात ते टाळू नका. मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो धुकट येतो, त्यात मशीनचा दोष नाही. ओसीटी ही वेगळी टेस्ट, त्यात पडद्याचे थर आडव्या कापासारखे दिसतात, सूज कळते, एक्स-रे वगैरे काही नसतो, उजेडावरच चालतं. ती दर वेळी प्रत्येकालाच लागते असं नाही, सांगितली तर कशासाठी ते बिनधास्त विचारा.

फोटो हातात आला की बघा तरी. केशरी-लाल गोल, त्यात एक फिकट पिवळी चकती असते, ते डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड, सगळ्या रक्तवाहिन्या तिथूनच फुटतात. उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडे असते, डाव्याच्या डावीकडे, रिपोर्टवर डोळे उलटसुलट लिहिले असतील तर यावरून पकडता येतं. मधला गडद भाग मॅक्युला, वाचायला लागते ती बारीक नजर तिथली. बारीक लाल टिपके म्हणजे फुगलेल्या केशवाहिन्या किंवा रक्त, मेणासारखे पिवळे डाग म्हणजे पाझरलेली चरबी, आणि ते मॅक्युलाच्या जवळ असतील तर तिथे सूज आहे का हे विचारल्याशिवाय उठू नका. बाकी निदान मात्र डॉक्टरांनाच करू द्या, मी गुगलवर चित्रं लावून बघत दोन रात्री जागले आणि ज्याची भीती वाटत होती ती नुसती नसेची चकती निघाली.

फोटो मोबाईलमध्ये तारीख आणि डावा-उजवा लिहून सेव्ह करा, आमच्या फॅमिली ग्रुपवर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडले गेले होते म्हणून आता वेगळा फोल्डर केलाय. आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली तर वार्षिक तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं.