गर्द झाडीत पक्ष्यावर फ्लॅश मारण्याआधी

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात भरदुपारीच अंधारून येतं. कर्णा पक्षी समोरच्या फांदीवर बसला की हात आपसूक फ्लॅशकडे जातो. जरा थांबा. आधी फ्लॅश बंद ठेवूनच एक फोटो घ्या: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास, कॅमेरा ट्रायपॉडवर. मागची झाडी काळपट, पण ओळखू येण्याइतपत दिसली की फ्लॅश लावा आणि त्याची भरपाई, म्हणजे फ्लॅशचा जोर कमीजास्त करायची सेटिंग, दीड ते दोन स्टॉप उणे करा (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा).

फ्लॅशनं फक्त सावल्या उजळायच्या आणि डोळ्यात मोहरीएवढी चमक आणायची. नुसत्या फ्लॅशच्या उजेडावर काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे काळाकुट्ट पडदा येतो, आपलं हिरवंगार रान त्यात दिसतच नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो, म्हणून पक्षी लांब असेल तर पुढे भिंग बसवलेला फ्लॅश एक्स्टेंडर वापरा. तो उन्हात मात्र उघडा ठेवू नका, भिंगातून ऊन एकवटून फ्लॅशचं प्लास्टिक वितळतं.

डोळा पांढरट चकाकत असेल तर ब्रॅकेट (फ्लॅश धरून ठेवणारी, कॅमेऱ्याला जोडायची पट्टी) लावून फ्लॅश लेन्सपासून वर उचला. भुरभुर पाऊस असेल तर फ्लॅश नकोच, प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन उमटतो.

घरट्यावर कधीच नाही. आणि रात्री घुबड, रातवा यांच्यावरही नाही: अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर लखकन उजेड पडला की त्यांना काही वेळ नीट दिसत नसावं.