सर्व्हे नंबर १२/३ ची ३ डिसेंबर झाली

एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, दोन सेलमधला मजकूर जोडायला काय लागतं? एक लूप (ओळीमागून ओळ तेच काम करणारा) आणि मध्ये &. ते तुम्हाला येत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मी अडकलो तो जोडलेला मजकूर परत सेलमध्ये ठेवताना. तिथं कुणी सावध केलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

२०२४ मध्ये मी जमिनीचे सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासल्याचे अहवाल, करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागलो. एमएस-सीआयटी झालेलं, टायपिंगची सर्टिफिकिटं होती, मॅक्रो रात्री घरी बसून शिकत होतो. एका गावाची यादी आली. एका कॉलममध्ये सर्व्हे नंबर, शेजारी हिस्सा नंबर, चारशेच्या वर ओळी. वकिलांना सातबाऱ्यावर असतात तसे दोन्ही एकत्र हवे होते, मध्ये तिरपी रेघ. दहा ओळींचा मॅक्रो लिहिला, चालवला, कॉलम भरला. वरवर पाहिलं, २१४/३, २१४/५, सगळं नीट. फाइल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन. "अहो, बाराचा तीन यादीत कुठंय?"

मी यादीत खाली गेलो. १२/३ च्या जागी ३ डिसेंबर लिहिलं होतं. त्याच्या खाली अशा कितीतरी तारखा. घाबरून मी त्या हातानं दुरुस्त करायला घेतल्या, आणि ३/१२ टाइप करून एंटर मारलं तर तिथंही ३ डिसेंबर! दोन वेगळ्या जमिनी, मालक वेगळे, आणि कागदावर एकच नोंद. हात थंड पडले होते.

हे का होतं ते नीट समजून घ्या. सेलचा फॉरमॅट जनरल असेल तर त्यात काहीही ठेवलं की एक्सेल ते ओळखायचा प्रयत्न करतं. तुमच्या मॅक्रोच्या व्हेरिएबलमध्ये "१२/३" हा शुद्ध मजकूर असतो, तिथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. तो सेलच्या व्हॅल्यूला दिला की एक्सेलच्या दृष्टीनं तुम्ही तो टाइपच केलात. वर आणखी एक गोम आहे. हातानं टाइप केलेलं विंडोजच्या सेटिंगप्रमाणे वाचलं जातं, भारतीय सेटिंगला दिवस आधी. मॅक्रोनं दिलेलं अमेरिकन पद्धतीनं वाचलं जातं, महिना आधी. म्हणून मॅक्रोतून आलेला १२/३ आणि हातानं टाकलेला ३/१२ एकाच तारखेवर जाऊन बसले. तीन भागांचा नंबर असेल तर अख्खी तारीख तयार होते: ५/१/२ ची १ मे २००२ झाली होती. ५/१/अ मात्र जसाच्या तसा राहिला, कारण अक्षर आलं की तारीख जुळत नाही. २१४ ला महिना किंवा दिवस होता येत नाही, म्हणून मला वर सगळं ठीक दिसलं.

आणि नंतर फॉरमॅट टेक्स्ट करून काही परत येत नाही. मी तेही करून पाहिलं, सेलमध्ये ४५६२९ आलं. १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला तो दिवसांचा आकडा. मॅक्रोनं केलेला बदल कंट्रोल झेडनंही मागे जात नाही. मूळ दोन कॉलम मी उडवले नव्हते, म्हणून निभावलं. मूळ कॉलम कधीही उडवू नका. कुणीही सांगितलं तरी.

उपाय एका ओळीचा आहे. लिहायला सुरुवात करण्याआधी त्या कॉलमच्या नंबरफॉरमॅटला "@" द्या, म्हणजे फॉरमॅट टेक्स्ट होतो. आधी "@", मग व्हॅल्यू. क्रम उलटा झाला तर उपयोग शून्य.

तुम्हालाही हे झालं असेल तर मनाला लावून घेऊ नका. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये 'मार्च१' आणि 'सेप्ट१' यांसारखी नावं बदलली, कारण संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत होत्या. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय दिली, पण ती मॅक्रो चालताना लागू होत नसल्याचंही तेव्हाच सांगितलं. म्हणजे मॅक्रो लिहिणाऱ्यानं ती "@" ची ओळ लिहायचीच.

बाकीच्या गोष्टी पटकन. जोडायला + वापरू नका. दोन्ही सेलमध्ये आकडे असतील तर १२ आणि ३ चे सरळ १५ होतात, आणि मध्ये रेघ घातली तर एरर १३ (प्रकार जुळत नसल्याची) येऊन मॅक्रो थांबतो. एखाद्या सेलमध्ये व्हीलुकअपची (दुसऱ्या यादीतून शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याची) एरर पडलेली असेल तरी तोच १३, म्हणून आधी इझएरर वापरून सेलमध्ये एरर आहे का ते तपासा. खाते क्रमांकापुढची शून्यं फक्त फॉरमॅटमुळे दिसत असतील तर व्हॅल्यू ती देत नाही. टेक्स्ट प्रॉपर्टी देते, पण कॉलम अरुंद असला तर तुमच्या मजकुरात #### जोडले जातात.

माझं मत विचाराल तर यासाठी मॅक्रो रेकॉर्डर, म्हणजे तुम्ही करता ते पाहून मॅक्रो लिहिणारी सोय, नको. कमांडची नावं कळायला तो चांगला, जोडायला नाही. एक्सेल २०१९ किंवा पुढचं असेल तर आधी टेक्स्टजॉइन हा मजकूर जोडणारा फॉर्म्युला पाहा. फॉर्म्युल्यातून आलेला १२/३ मजकूरच राहतो. शिकवणारा निवडताना एवढंच बघा की तो चुकलेली ओळ तुमच्याकडून शोधून घेतो का. "आउटपुट येतंय ना, मग झालं" म्हणणाऱ्याकडून मी सहा महिने शिकलो आणि चुका शोधायला मला आमच्या ऑफिसातल्या वयस्कर कारकून मावशींनी शिकवलं. त्यांना मॅक्रो येत नाही. पण त्यांनी मला सातबाऱ्याचे प्रिंट समोर ठेवून चारशे ओळी ताडायला लावल्या, आणि स्वतः शेजारी बसून वाचून दाखवल्या.

आता मी कुठलाही जोडायचा मॅक्रो आधी एका वेगळ्या शीटवर चालवतो. तिथला हिस्स्याचा कॉलम टेक्स्ट फॉरमॅटचा आहे आणि ओळी तीनच: १२ आणि ३, ५ आणि १/२, आणि १२ पण हिस्सा रिकामा असलेली एक. उत्तरं डावीकडे चिकटून आली तर मजकूर आहे, उजवीकडे सरकली तर तारीख झाली. तिसऱ्या ओळीत १२/ असं अर्धवट आलं, तर रिकाम्या हिस्स्यासाठी इफची अट घालायची राहिलीय.