नवरा दळण घेऊन निघाला असेल तर

दळण दिसायला सोपे काम आहे, म्हणूनच ते नवऱ्याकडे येते. घोळ मात्र बहुतेक वेळा घरातून डबा उचलतानाच होतो.

तेलाचा 15 किलोचा डबा गव्हाने काठोकाठ भरून नेऊ नका. दाण्यापेक्षा पीठ जास्त जागा खाते. त्या डब्यात साधारण 9 किलो गव्हाचे पीठ मावते. जास्त नेले तर उरलेले रुमालात बांधून मोटारसायकलवर आणावे लागते, आणि त्यातले निम्मे शर्टावर उतरते.

आता कळणा, म्हणजे भाकरीसाठी ज्वारी आणि उडदाचे मिश्र पीठ. खानदेशात सगळ्यात जास्त फजिती इथेच. 4 किलो दादर (रब्बीची ज्वारी), 1 किलो अख्खे काळे उडीद आणि मूठभर जाडे मीठ घरीच एकत्र करून द्या. ज्वारी आणि उडीद चुकून वेगवेगळे दळले तरी बिघडत नाही, घरी मिसळता येतात. पण पापडासाठी ठेवलेली उडदाची डाळ कोणी ज्वारीत ओतून आणली तर इलाज नाही. मग पापड पुढच्या वर्षी, आणि तोवर रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा.

बाजरी एका वेळी 2 किलोच्या वर नको. तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते. ‘एकदाच आणून टाकतो’ म्हणून 10 किलो दळून आणणारा नवरा कामसू नाही, आळशी असतो.

गिरणीवाला विचारणारच, ‘‘भाऊ, हाई दयन कसानं शे?’’ (हे दळण कशाचे आहे?) नुसते ‘‘बारीक करा’’ म्हणून चहाला पळू नका. पोळीचा गहू बारीक, भाकरीची ज्वारीही बारीक, कळणा किंचित भरड. दगड फार आवळले की पीठ तापते, करपट वास येतो आणि ज्वारीची विरी (चिकटपणा) जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. पहिली मूठ पडली की चिमटीत चोळून बघा, सांगायचे ते तेव्हाच सांगा.

आपल्या आधी कोणाचे काय पडले तेही बघा. दगडात आणि गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडात आधीचे पीठ अडकून राहते. बाजरीनंतर गहू पडला तर पोळी राखाडी होते, हरभऱ्याच्या डाळीनंतर पडला तर पिवळी. नंबर एक घर मागे गेला तरी चालेल. नाहीतर आपलेच ओंजळभर गहू आधी टाकून ते पीठ गुरांसाठी बाजूला काढा.

पीठ गरम असताना झाकण गच्च लावू नका. वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात, गुठळ्या होतात आणि पीठ कुबट होते. वाटेत वरून फडके बांधा, घरी तास-दोन तास उघडे ठेवा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दळण संध्याकाळीच न्या. खेड्यावर लाईटचा भरवसा नसतो, निघण्याआधी फोन करा.

किलोमागे थोडी तूट येतेच, तिच्यावरून भांडू नका.

शेवटी डब्याची अदलाबदल. सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात. नाव झाकणावर नको, झाकणेच आधी बदलतात. डब्याच्या अंगावर रंगाने लिहा. गाडीला लावण्याआधी झाकण काढून पीठ बघा. पीठ मळण्याआधी लक्षात आले तर डबा परत मिळतो. मळल्यावर शेजाऱ्याला पोळ्या पोचवाव्या लागतात.