भुताला सगळं ठाऊक असलं की कादंबरी मरते

एकच नाट्यगृह, दोन काळ, दोन प्रेमं आणि मध्ये एक भूत. असं काही लिहायला घेतलं असेल, तर माझा चौथा खर्डा कसा मेला ते आधी ऐका. तीनशे दहा पानं होती.

माझी जागा कोल्हापूरची. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली पुरं झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. जुना काळ १९२१. त्या वर्षी ८ जुलैला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन गायक नटांच्या नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं संगीत नाटक; केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. ४ ऑक्टोबरला केशवराव गेलेसुद्धा. माझा नायक एका काल्पनिक कंपनीतला स्त्रीपार्टी. रात्री शालू नेसून भामिनी, सकाळी बिऱ्हाडात दाढी घोटणारा पोरगा. वकिलांची मुलगी त्याला चिठ्ठ्या लिहिते. आजच्या काळात प्रकाशयोजना करणारी मुलगी आणि एक नट. शालू, दिवे, पदं यांची माहिती मिळते हो, तिथे नका अडकू.

मी अडकलो तो शेवटच्या चिठ्ठीत. १९२१ मध्ये कंपनीचा प्रॉम्प्टर ती नाटकाच्या वहीत दडवतो. नववं प्रकरण; झकास जमलं होतं. आजची नायिका ती चिठ्ठी शोधायला लागते अकराव्यात आणि तिला ती मिळते एकविसाव्यात. म्हणजे दहा प्रकरणं ती माळे धुंडाळतेय आणि वाचक जांभया देतोय, कारण चिठ्ठी कुठे आहे हे मीच त्याला सांगून बसलोय! बायकोनं समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘सापडली का एकदाची?’

पुन्हा सांगतो, कारण मला हे कळायला दीड वर्ष लागलं. एका काळानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या काळानं आधीच देऊन टाकायचं नाही. आता माझ्या नायिकेला वही सहाव्या प्रकरणातच मिळते. चिठ्ठी न फोडलेली, आणि आजची सगळी माणसं प्रॉम्प्टरला दोष देतात. मग १९२१ येतं, आणि दिसतं की ती नायकानंच त्याच्याकडे ठेवायला दिली होती. चिठ्ठी कुठे आहे हा प्रश्नच संपला. नायकानं ती का फोडली नाही, हा उभा राहिला. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लिहून ठेवा: वाचकाला काय ठाऊक, भुताला काय, आजच्या माणसांना काय. तीन ओळी. कंटाळवाणं काम आहे, टाळू नका.

भुताचंही तेच. त्याला सगळं माहीत असेल तर ते सरळ सांगून मोकळं का होत नाही? माझ्या भुताला आता फक्त पाठ केलेली वाक्यं येतात. भामिनीची. बाकी आठवत नाही. (‘भूत’ आणि ‘भूतकाळ’ ही कोटी मी तीनदा केली होती. तिन्ही उडवल्या. तुम्हीही उडवाल.)

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लेखन कार्यशाळेतले माझे सर म्हणाले, “आयता क्लायमॅक्स मिळाला की!” त्यांना मी परत फोन केला नाही. आग कादंबरीत नाही.

असल्या सरांपेक्षा बॅकस्टेजचा एखादा माणूस गाठा, त्याला चहा पाजा. मला एका मामांनी विंगेत उभं करून सांगितलं, “ब्लॅकआउटच्या आधी एक डोळा मिटून ठेवायचा. दिवे गेले की तो उघडायचा, अंधारात दिसतं.” माझ्या नायिकेला भूत दिसतं ते त्याच डोळ्यानं. हा एक प्रसंग पहिल्या झटक्यात उतरला, बाकी सगळे रडवून. तुमचेही रडवतील, त्यानं काही बिघडत नाही, पण रडताना नवे काळ वाढवू नका. मी १९५० चा एक घुसवला होता.

सध्या सातवा खर्डा चालू आहे. बारावं प्रकरण अजून फार लवकर बोलून जातं.