‘आधी सॉरी म्हण त्याला!’ : मुलांना समानुभूती शिकवताना या चुका टाळा

तिसरीच्या वर्गात एकदा मधल्या सुट्टीनंतर ढकलाढकलीत एका मुलाच्या हातातली पाण्याची बाटली दुसऱ्याच्या गणिताच्या वहीवर उपडी झाली. मी बसल्या जागेवरूनच ‘आधी सॉरी म्हण त्याला’ असे दरडावले. त्याने माझ्याकडे पाहत ‘सॉरी’ म्हटले आणि तो आपल्या बाकावर जाऊन बसला. ज्याची वही भिजली होती तो मुलगा मात्र तास सुरू झाल्यावरही, पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बोट घालून एकेक पान सोडवत होता, आणि त्याच्याकडे ना पाणी सांडणाऱ्याने नीट पाहिले होते, ना मी.

समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय वाटते हे जाणणे, शिकवताना शाळेत आणि घरात सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. आपण शब्द वसूल करतो आणि पाहणे राहून जाते. दरडावून म्हणवून घेतलेल्या ‘सॉरी’तून मूल एवढेच शिकते की मोठ्या माणसाचा राग कसा शमवायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी शिस्तीच्या पद्धतींचा अभ्यास करताना नेमका यावर भर दिला होता की, आपल्या कृतीमुळे समोरच्याचे काय झाले हे मुलाच्या लक्षात आणून देणे हे धाकापेक्षा किंवा माया काढून घेण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. म्हणून आता मी क्रम उलटा ठेवते. प्रथम त्या मुलाला भिजलेल्या वहीपाशी नेते आणि ‘काय झालंय बघ’ एवढेच म्हणते; मग ‘आता काय करता येईल?’ असे विचारते. उत्तर बहुधा साधे असते: वही पंख्याखाली ठेवू, पुसलेली गणिते मी उतरवून देतो. माफीचा शब्द त्यानंतर आला तर उत्तम, नाही आला तरी बिघडत नाही. मूल नुसतेच मान खाली घालून उभे राहिले, तर ते निगरगट्ट आहे असे समजू नये. त्याला बहुतेक वेळा लाज वाटत असते, आणि लाजेत बुडालेल्या मुलाला दुसऱ्याचे दुःख दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि पुन्हा बोलावे.

दुसरी चूक अधिक गोड दिसते, म्हणून अधिक काळ टिकते. एका मुलाने पेन नसलेल्या मित्राला आपले पेन दिले, की दुसऱ्या दिवशी परिपाठात त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या जातात. त्या वेळी पेन घेणारा मुलगा रांगेत कसा उभा आहे, हे एकदा अवश्य पाहावे. त्याची गरज सगळ्या शाळेसमोर उघडी पडलेली असते, आणि ज्या गुणाचा गौरव चालला आहे, त्याच गुणाचा अभाव त्या क्षणी आपल्या वागण्यात असतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे २० महिन्यांच्या बाळांना मदत केल्याबद्दल खेळण्याची वस्तू बक्षीस मिळत असे. पुढे बक्षीस बंद झाल्यावर ही बाळे, ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा कमी मदत करू लागली. चांगुलपणाचे तक्ते, तारे आणि ‘महिन्याचा दयाळू विद्यार्थी’ या प्रकारांबद्दल म्हणूनच मला संशय आहे. त्याऐवजी त्या मुलाला बाजूला घेऊन ‘तू पेन दिलंस म्हणून त्याचं शुद्धलेखन पूर्ण झालं’ असे हळूच सांगावे. कृतीचा परिणाम त्याला कळतो आणि दुसऱ्याची मानही खाली जात नाही.

आपल्या शाळांमधील मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत संवेदनशीलतेचा समावेश आहे, आणि भिंतीवरच्या तक्त्यात ती ठळक अक्षरांत लिहिलेलीही असते. परंतु त्याच भिंतीखाली शिक्षक एखाद्या मुलाच्या अडखळत्या वाचनाची नक्कल करून वर्गाला हसवत असतील, तर मुले तक्त्यावरून नव्हे, त्या हशावरून शिकतात. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, याची आठवण शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून काढावी लागते.

घरातील चुकांची सुरुवात तर मूल चालायला लागते तेव्हाच होते. ते पडले की आपण जमिनीला चापट मारतो, किंवा ‘काही नाही झालं, बघ, मुंगी मेली!’ असे म्हणतो. बाळाला हसवण्यासाठी एका मुंगीचा जीव घेणारी ही समजूत आपल्याला कधी विचित्र वाटलेली नाही, हेही नवलच. विनोद सोडला, तरी पहिल्या प्रकारात दुखले की कोणाला तरी मारायचे असते हे कळते, आणि दुसऱ्यात आपल्याला दुखलेच नाही असे सांगितले जाते. ‘लागलं ना? कुठे लागलं, दाखव’ असे ज्या मुलाला ऐकायला मिळते, तेच पुढे हा प्रश्न दुसऱ्याला विचारते. ‘मुलींसारखा रडतोस काय?’ हे वाक्य तर एका दमात मुलाचे रडणेही नाकारते आणि बहिणीचा अपमानही करते.

‘तू मोठी आहेस ना, देऊन टाक त्याला’ हेही तपासून पाहण्याजोगे आहे. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे, प्रसंगी चुकीचेही काही असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागते. त्यामुळे तीन वर्षांच्या धाकट्याने खेळणे सोडले नाही म्हणून त्याला स्वार्थी ठरवू नये, आणि म्हणून प्रत्येक वेळी थोरलीकडूनच ते काढूनही घेऊ नये. सतत सोडून देण्याची सवय झालेली मुलगी दयाळू दिसते, पण ती आतून चिडलेली असू शकते. ‘तिचं खेळून झालं की तुला मिळेल’ हे वाक्य दोघांनाही न्याय देते.

वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. हेतू चांगला असतो, पण केक भरवतानाचे फोटो काढले जातात तेव्हा तिथली मुले देखाव्याचा भाग होऊन बसतात, आणि आपले मूल ‘बिचारे’ हा शब्द घेऊन घरी येते. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर तो आधी इतर कपांत मिसळावा. आश्रमाचे नंतर पाहता येईल.

काही वेळा सगळे नीट करूनही वागणे खटकते. कोणी पडले की मूल हसते, अशी तक्रार पालक नेहमी करतात. लहान वयात हे हसणे पुष्कळदा गोंधळातून किंवा घाबरल्यामुळे येते; तिथे ओरडण्याऐवजी ‘चल, त्याला उठवू या’ म्हणून हात धरून न्यावे. आपल्याच मुलाला वर्गात कोणी त्रास देत असेल, तर ‘तू त्याच्याशी चांगलं वाग’ हा उपदेश करू नये; तिथे मुलाला संरक्षण हवे असते आणि वर्गशिक्षकांशी बोलणे हे पालकांचे काम असते. मात्र एखादे मूल प्राण्यांना किंवा लहान भावंडांना जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा आणि लपून इजा करत असेल, तर ‘खोडकर आहे, मोठा झाला की सुधारेल’ असे म्हणत वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांशी बोलावे आणि त्यांच्या सल्ल्याने बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. तिथे जाताना वागण्याच्या तारखा, वेळ आणि आधी काय घडले होते याची दोन आठवड्यांची साधी नोंद बरोबर न्यावी. तज्ज्ञांचा पहिला प्रश्न बहुधा त्याबद्दलच असतो.